पाण्यावाचून महाल

नगर हे थांबण्याचं नव्हे, गाडी बदलण्याचं गाव आहे, असं महाराष्ट्राने कधीच ठरवून टाकलं आहे. पुण्याहून संभाजीनगरला निघालेला माणूस इथे चहापुरता उतरतो. शिर्डीचा भक्त मनमाड रस्त्याला लागतो, शनिशिंगणापूरवाला घोडेगावच्या दिशेने वळतो. 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या. पण उतरायचं, चहा घ्यायचा आणि पुढे निघायचं हा रिवाज तसाच राहिला. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी इराणमधले कवी, तुर्की तोफा ओतणारे कारागीर आणि हबशी सरदार याच गावात नशीब काढायला येत असत, हे सांगितलं तर शेजारच्या टेबलावरचा माणूस आपल्याकडे जरा संशयानेच पाहतो.

या गावाच्या दक्षिणेला, सोलापूर रस्त्याच्या अंगाला, लष्कराच्या विस्तीर्ण मोकळ्या जमिनीत एक मोठा अष्टकोनी महाल ओस पडून आहे. कागदोपत्री त्याचं नाव फराहबख्श किंवा फराहबाग. नगरकर फराबाग म्हणतात, आणि बहुतेक जण तिथे लहानपणी सायकलवर एकदा जाऊन आलेले असतात. मोठेपणी जायचं कारण पडत नाही.

"फराबागेत काय पाह्यचंय साहेब?" रिक्षावाल्याने मान मागे वळवून विचारलं. "पडकंय सगळं. त्यापेक्षा रणगाडे दाखवतो. बाहेरगावची लोकं तेच बघत्यात."

त्याचं चूक नव्हतं. नगरच्या लष्करी केंद्राने 1994 मध्ये उभारलेलं रणगाडा संग्रहालय नीट राखलेलं आहे. तिथे तिकीट आहे, माहिती देणाऱ्या पाट्या आहेत. फराबागेत यातलं काही नाही. मी म्हटलं, दोन्ही बघू, पण आधी पडकं. तो हसला, आणि परतीचं भाडंही आत्ताच ठरवून घेतलं, कारण तिकडे दुसरी रिक्षा मिळत नाही.

कोरड्या तळ्यातला वाडा

फराबाग दुरून दिसते तेव्हा तिचा आकार डोक्यात बसत नाही. आसपास दुसरी इमारतच नसल्याने माप घ्यायला काही मिळत नाही. जवळ गेल्यावर कमानीखाली उभा असलेला माणूस बोटाएवढा दिसतो, तेव्हा उंचीचा अंदाज येतो. चार मुख्य बाजूंना जवळजवळ छतापर्यंत चढलेली एकेक प्रचंड कमान आहे. तिच्या दोन्ही अंगांना, एकावर एक, लहान कमानींचे दोन थर आहेत. कोपरे छाटून काढल्यामुळे इमारत अष्टकोनी होते, आणि कुठूनही पाहिली तरी समोरचीच बाजू पाहतो आहोत असं वाटत राहतं. हिला मागची बाजू नाही. आपल्याकडच्या वाड्याला पुढचं दार असतं, परसदार असतं, नोकरचाकरांची वाट वेगळी असते. इथे बांधणाऱ्याने चारही दिशांना सारखाच मान दिला आहे.

गिलावा बऱ्याच ठिकाणी झडला आहे आणि आतला ओबडधोबड दगड उघडा पडला आहे. हे बांधकाम घडीव चिऱ्यांचं नाही. गावाजवळचाच काळा दगड, भरपूर चुना आणि त्यावर जाड गिलाव्याची कातडी, अशी ही रीत. याच नगरात दमडी मशीद आहे, जिथे दगडावरची नक्षी लाकडावर कोरल्यासारखी बारीक आहे. म्हणजे दगड घडवणारे हात राज्यात होते. फराबागेत मात्र सौंदर्याची सगळी मदार चुन्यावर ठेवली गेली. चुना राखला तर टिकतो, आणि राखला नाही तर पाऊस त्याला धुऊन नेतो.

रिकाम्या इमारतीत शिरताना मी आधी जमीन बघतो, मग भिंती आणि सगळ्यात शेवटी छत. जमीन सांगते की आत्ता इथे कोण येतं. फराबागेच्या जमिनीवर शेळ्यांच्या लेंड्या होत्या, पारव्यांची विष्ठा होती, गुटख्याच्या पुड्या होत्या, आणि एका कोपऱ्यात कुणीतरी तीन दगडांची चूल मांडून विझवली होती. भिंती सांगतात की आधी कोण आलं होतं. खिळ्याने, कोळशाने, रंगाने लिहिलेली नावं, बाणांनी छेदलेले बदाम, दहावीच्या बॅचचं साल. छताकडे पाहिलं की ज्याने बांधलं त्याच्यापाशी पोचता येतं. मधल्या दालनावरचा घुमट, त्याच्या पायथ्याशी गिलाव्यात काढलेली जाळीदार घडण, आणि आठही बाजूंकडून आत झिरपणारा उजेड. बाहेर वैशाखाचं ऊन असताना आत मात्र अंगाला गारवा जाणवतो. भिंतींची जाडी आणि समोरासमोर उघडणाऱ्या कमानी मिळून वारा खेळवतात. पंखा नसतानाच्या काळातलं हे काम आजही चालू आहे.

बाहेर येऊन चौथऱ्याच्या कडेला उभं राहिलं की या इमारतीत काय कमी आहे ते कळतं. चारही बाजूंना खोलगट, सपाट जमीन पसरली आहे. तिच्यात गवत आहे, बाभळी आहेत. हा एके काळचा तलाव. 1884 च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरने या पाण्याच्या पट्ट्याची रुंदी सुमारे दीडशे फूट सांगितली आहे, आणि तो तेव्हाही कोरडाच होता. महाल तळ्याच्या मधोमध उभा होता. ज्या कमानी आपण मान वर करून बघतो त्या मुळात पाण्यात उलट्या दिसाव्यात म्हणून बांधल्या होत्या. आज आपल्याला फराबाग अर्धीच दिसते. उरलेली अर्धी तिचं प्रतिबिंब होती.

एकांतप्रिय सुलतान आणि त्याचा कामसू वजीर

नगरच्या निजामशाहीची कथा मराठी वाचकाला शेवटाकडून माहीत असते. मलिक अंबर, शहाजीराजे, 1624 ची भातवडीची लढाई, 1636 चा अंत. मालोजीराजे भोसले याच दरबारचे सरदार होते, आणि नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसाने झालेल्या मुलांची नावं त्यांनी शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरागत कथा आपण शाळेतच ऐकलेली असते. फराबाग मात्र त्या धामधुमीच्या आधीची, राज्य भरात असतानाची वास्तू आहे.

निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमदने 1490 मध्ये भिंगारजवळ बहमनी सैन्याचा पराभव केला, त्या जागी आधी बाग केली आणि 1494 मध्ये शहर वसवलं. त्याचा पणतू मूर्तजा निजामशहा 1565 मध्ये गादीवर आला. त्या वर्षाच्या सुरुवातीलाच तालिकोटच्या रणात विजयनगर कोसळलं होतं. 1574 मध्ये मूर्तजाने वऱ्हाडची इमादशाही जिंकून घेतली आणि निजामशाहीचा नकाशा कधी नव्हता एवढा पसरला. पण त्याच सुमाराला दरबारातल्या कारस्थानाला बळी पडून त्याने आपला कर्तबगार वजीर चंगीजखान याला विष देवविलं, आणि खरं काय ते कळल्यावर तो माणसांतून उठला. कारभार वजिरांवर सोपवून तो एकांतात राहू लागला. लोक त्याला दिवाणा म्हणू लागले.

हे सगळं आपल्याला माहीत आहे ते मुख्यतः फरिश्त्यामुळे. फरिश्ता लहानपणी इराणातून नगरला आला, इथेच वाढला, मूर्तजाच्या चाकरीत राहिला आणि पुढे विजापूरला जाऊन त्याने दख्खनचा इतिहास लिहिला. फत्तेशाह नावाच्या नर्तिकेने विजयनगरच्या रामरायाच्या खजिन्यातले तालिकोटच्या लुटीत आलेले हार मागितले, वजीर सलाबतखानाने खऱ्या हारांऐवजी खोटे पाठवले, आणि फसवणूक उघड झाल्यावर सुलतानाने रागाच्या भरात जवाहीर आगीत टाकलं, हा किस्सा त्यानेच नोंदवला. गॅझेटियरमध्ये हेच नाव दिल्लीहून आलेल्या गायकाचं म्हणून येतं. मूर्तजा फराबागेत त्याच्याशी बुद्धिबळ खेळत बसे आणि त्याच्यासाठी बागेत लकडमहाल नावाची वेगळी इमारत बांधली होती, अशी ती आठवण. लकडमहाल आज नाही. लाकूड पुढच्या पिढ्यांना कुठेही कामाला येतं.

महालाची बांधणीही सुलतानाच्या स्वभावासारखीच झाली. नियामतखानाच्या देखरेखीखाली उभी राहिलेली पहिली इमारत त्याच्या मनास आली नाही, म्हणून ती पाडली. नवी इमारत सलाबतखानाच्या हातून 1583 मध्ये पुरी झाली. हा सलाबतखान म्हणजे नगरपासून थोड्या अंतरावर डोंगरावर उभ्या असलेल्या ज्या तीन मजली अष्टकोनी वास्तूला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात, तिचा खरा मालक. तो महाल नाही, सलाबतखानाची कबर आहे. गंमत अशी की सुलतानाने राहायला बांधलेला महाल गावाने विसरून टाकला आणि वजिराने मरणासाठी बांधलेली कबर महाल म्हणून सहलीची जागा झाली.

मूर्तजाचा शेवट 1588 चा. त्याने पोटच्या मुलाच्या खोलीला आग लावली. मुलगा, मीरान हुसेन, वाचला आणि फौज घेऊन परतला. त्याने बापाला हमामखान्यात कोंडून खाली जाळ वाढवला. त्या धुमश्चक्रीत फरिश्ता राजवाड्याच्या पहाऱ्यावर होता. मीरानने जुना सहाध्यायी म्हणून ओळखलं, म्हणून तो वाचला. मीरान स्वतः वर्षभरही टिकला नाही.

नळ कुठून यायचा

फराबागेकडे जाणारे बहुतेक लोक इथवरच्या गोष्टीवर खूश होतात. वेडा राजा, गाणारा सोबती, बापाला भाजणारा मुलगा. ओसाड महालाला शोभेल असा सगळा मसाला यात आहे. पण या गोष्टीने इमारत का ओस पडली ते कळत नाही. राजे मरतात, वाडे राहतात. दुसरा कुणी येऊन राहतो. फराबागेत दुसरा कुणी कायमचा का राहिला नाही, याचं उत्तर तिच्या कोरड्या तळ्यात आहे.

नगर पर्जन्यछायेत आहे. सीना नदी पावसाळ्यात वाहते आणि मग तिच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. अशा गावात तळ्याच्या मधोमध महाल बांधायचा तर पाणी आणावं लागतं, आणि निजामशाहीने ते आणलं. शहराच्या आसपासच्या उंचवट्यांच्या पायथ्याशी विहिरी खोदून त्यांचं पाणी भाजक्या मातीच्या नळांतून, जमिनीखालून, केवळ उताराच्या जोरावर गावात खेळवलं. हेच ते खापरी नळ. कापूरवाडी, वडगाव, भिंगार अशा दिशांनी ते यायचे. गॅझेटियरने अशा पंधराएक नळांची नोंद केली आहे. कुठल्या पेठेला कुठला, कुठल्या महालाला कुठला, हे ठरलेलं होतं. सरदारांनी आपापले नळ बांधले, हौद बांधले, आणि मरताना पुण्य म्हणून लोकांना देऊन टाकले.

या नळांचं तंत्र साधं, पण काटेकोर. उतार फार झाला तर पाण्याचा वेग वाढून खापरी फुटते, कमी झाला तर गाळ बसतो. हवा कोंडली तर पाणी अडतं, म्हणून वाटेत ठिकठिकाणी दगडी उच्छ्वास बांधावे लागतात. सांधे चुन्याने भरलेले असतात. एखाद्या झाडाचं मूळ सांध्यात शिरलं की नळ आतून भरतो. त्यामुळे नळ बांधून भागत नाही. त्याच्यावर माणूस लागतो, दर वर्षी गाळ काढणारा, मुळं छाटणारा, फुटकी खापरी बदलणारा. त्या माणसाला पगार लागतो किंवा इनाम जमीन लागते, आणि ती देणारं कुणीतरी स्थिर सरकार लागतं.

मूर्तजानंतर ते राहिलं नाही. 1595-96 मध्ये चांदबिबीने, म्हणजे मूर्तजाच्याच बहिणीने, मोगलांचा वेढा परतवला. 1600 मध्ये तिचा खून झाला आणि किल्ला पडला. राजधानी नगरहून निघाली ती परांडा, जुन्नर, दौलताबाद अशी फिरत राहिली. महालाला पाणी देणारा नळ साफ करण्याचं काम आता कुणाचं? मोगल सुभेदाराला किल्ला हवा होता, कारण किल्ल्यात तोफा राहतात. औरंगजेबाने शेवटची वर्षभराहून अधिक काळाची छावणी इथेच टाकली आणि 1707 मध्ये तो इथेच वारला. भिंगारचा आलमगीर दर्गा ती खूण सांगतो. 1759 मध्ये किल्ला पेशव्यांकडे आला, पुढे शिंद्यांकडे गेला, 1803 मध्ये वेलस्लीने तो घेतला. 1942 ते 1945 या काळात नेहरू आणि काँग्रेस कार्यकारिणीचे इतर नेते तिथेच कैदेत होते. किल्ला प्रत्येक राजवटीला उपयोगी पडला म्हणून प्रत्येक राजवटीने तो राखला. फराबाग उपयोगी पडण्यासाठी तिच्या भोवती पाणी लागत होतं.

सलाबतखानाच्याच दुसऱ्या कामाकडे पाहिलं की हा फरक लख्ख दिसतो. नगरजवळचा भातोडीचा तलाव त्याच्या काळातला. तोही मध्ये मोडकळीस आला, पण एकोणिसाव्या शतकात दुरुस्त झाला, कारण खालच्या शेतकऱ्यांना पाणी हवं होतं. शहराचे काही खापरी नळही इंग्रजी अमदानीत नगरपालिकेने चालवले, कारण लोकांना प्यायला पाणी हवं होतं. मुळा धरणाचं पाणी आल्यावर त्यांची गरज संपली आणि मग तेही विस्मरणात गेले. एकाच वजिराची ही दोन कामं: तळ्याला गिऱ्हाईक होतं ते वाचलं, महालाचं गिऱ्हाईक मेलं तो वाळला.

म्हणून मला वाटतं, फराबाग 1588 मध्ये ओस पडली नाही, आणि 1600 मध्येही नाही. ज्या वर्षी नळ साफ करणारा आला नाही आणि त्याला कुणी बोलावूही पाठवलं नाही, त्या वर्षी ती ओस पडली. ते साल कुठल्याच बखरीत सापडणार नाही. इमारती ओस पडण्याची खरी तारीख कधीच राजाच्या मृत्यूची नसते. ती रोजमुऱ्यावरच्या एका माणसाचं काम बंद झाल्याची असते.

ताजमहालाचा दाखला

फराबागेच्या बाजूने बोलणारा नगरकर एक गोष्ट हटकून सांगतो: शहाजहानने ताजमहालाची कल्पना इथूनच उचलली. शहाजादा असताना तो दख्खनेत होता, त्याने फराबाग पाहिली, तळ्यातलं प्रतिबिंब पाहिलं आणि आग्र्याला जाऊन तसंच संगमरवरात केलं. गोष्ट ऐकायला छान आहे, आणि गावाच्या अभिमानाला तिचा आधारही वाटतो. पण तिला समकालीन पुरावा नाही, आणि गरजही नाही. अष्टकोनी आराखडा, मध्ये घुमटी दालन आणि त्याभोवती आठ खोल्या, चार दिशांना चार उंच कमानी, ही इराण आणि मध्य आशियातून आलेली रीत. तिला हश्त बिहिश्त म्हणत, म्हणजे आठ स्वर्ग. दिल्लीत हुमायूनची कबर याच रीतीने, फराबागेच्या आधी दहाएक वर्षं बांधून झाली होती. शहाजहानला अष्टकोन शिकायला नगरपर्यंत यायचं कारण नव्हतं. तो त्याच्या घरातच होता.

नगरचं वैशिष्ट्य वेगळं आहे आणि ते ताजमहालाच्या कुबडीवाचून उभं राहू शकतं. इथे ही रीत मोगलांकडून आली नाही, समुद्रमार्गे थेट इराणशी असलेल्या नात्यातून आली. शहराच्या उत्तरेला मलिक अहमदची हश्त बिहिश्त बाग होती, तिच्यातही पाण्यात अष्टकोनी महाल होता. ती 1506 च्या सुमाराची, म्हणजे बाबर हिंदुस्थानात येण्याच्या वीस वर्षं आधीची. चौल बंदरातून घोडे आले, कारागीर आले, कवी आले, आणि त्यांच्याबरोबर बागेची कल्पना आली. ती इथल्या काळ्या दगडात, इथल्या चुन्यात आणि इथल्या दुष्काळी उतारावर बसवणं हे अवघड काम होतं. ते करणाऱ्या गवंड्यांची आणि पाथरवटांची नावं फरिश्त्यानेही लिहिलेली नाहीत.

आणि तरीही नगर यादीबाहेर राहिलं. दख्खनच्या सुलतानशाह्यांची स्मारकं 2014 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. गुलबर्गा, बीदर, विजापूर, हैदराबाद. मलिक-ए-मैदान ही तोफ नगरला 1549 मध्ये ओतली गेली आणि विजापूरच्या बुरुजावर आजही लोक तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. पण जिथे ती ओतली त्या गावाचं नाव यादीत नाही.

आपण काय बघतो

यात सरकारला दोष देऊन मोकळं होता येईल. फराबाग केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहे. तिथे निळी पाटी आहे. 1958 च्या कायद्याची कलमं आहेत, आणि 2010 च्या दुरुस्तीने स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण आहे. लष्कराची जमीन भोवती असल्यामुळे या महालाभोवती सोसायट्या उभ्या राहिल्या नाहीत, हे तर नशीबच. म्हणजे कायद्याने जे करायचं ते बरंचसं झालं आहे. राहिलं आहे ते बघणाऱ्याचं काम.

मराठी भटक्याला बघता येत नाही असं नाही. गडावर गेलं की आपल्यातला प्रत्येक जण जाणकार असतो. टाक्यात पाणी कुठून येतं, चोरदिंडी कुठे, दारूकोठार का दूर, गोमुखी दरवाजा शत्रूला कसा अडवतो, हे दहावीतली मुलंही सांगतात. गो. नी. दांडेकरांपासून चालत आलेली ही दुर्गवाचनाची परंपरा आपण पोरांना तोंडी शिकवली. पण तोच मुलगा फराबागेत आला की कमानीत उभा राहून फोटो काढतो आणि दहा मिनिटांत कंटाळतो. कारण महाल कसा वाचायचा हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. पाणी आत कुठून शिरत होतं, जास्तीचं कुठून बाहेर जात होतं, भिंतीतल्या चौकोनी भोकांत कोणती तुळई बसत असेल, पडदे कुठे लागत, दिवे कुठे ठेवत, स्वयंपाक कुठे होत असेल. हे प्रश्न गडावरच्या प्रश्नांइतकेच रंजक आहेत. शत्रू कुठून येईल हे विचारायची आपल्याला सवय आहे. पाणी कुठून येईल हे विचारायची नाही.

आवारात मला राखणीला असलेला एक गृहस्थ भेटला. सावलीत बसून तो पेपर वाचत होता. बोलता बोलता म्हणाला, "रविवारी पोरं येत्यात, वर चढत्यात. ओरडून घसा बसतो आमचा. पडलं एखादं तर कोण जबाबदार?" महालाचा पुरातत्त्वीय कारभार त्याच्या मते एका वाक्यात मावत होता: वर चढू द्यायचं नाही. त्याचंही खरं आहे. चुन्याच्या जुन्या जिन्यांवर गिलावा सुटलेला असतो. वरच्या मजल्याची जमीन कुठे पोकळ झाली आहे ते दिसत नाही. पारव्यांच्या विष्ठेची धूळ छातीला बरी नाही. मोहोळं असतात, सापही असतात. ओस इमारतीत शिरण्याचा पहिला नियम म्हणजे ती आपल्याला भेटायला थांबलेली नाही हे ध्यानात ठेवणं.

दुसरा नियम असा की ओस इमारत क्वचितच खरंच ओस असते. त्या सकाळी फराबागेत शेळ्या घेऊन आलेल्या एक बाई होत्या, अभ्यासाला बसलेला स्पर्धा परीक्षेचा एक मुलगा होता, आणि लांबवर फिरायला आलेले निवृत्त फौजी दिसत होते. बाईंना विचारलं, "मावशी, इथं पाणी असायचं म्हणतात, तुम्ही कधी बघितलं?" त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात साचतं थोडं. म्हशी बसत्यात." सुलतानाचा महाल म्हणून नव्हे, सावली, गवत आणि शांतता मिळणारी जागा म्हणून या लोकांना ती हवी आहे. जतनाची कुठलीही योजना त्यांना हाकलून सुरू झाली तर इमारत स्वच्छ होईल, पण तिचं उरलेलं गिऱ्हाईकही जाईल.

काय करता येईल

महाल पूर्ववत करावा, सोनेरी दिवे लावावेत, संध्याकाळी प्रकाश-ध्वनीचा खेळ ठेवावा, असं म्हणणारे लोक नेहमी भेटतात. मला ते नको वाटतं. जुन्या चुन्यावर सिमेंटचा हात फिरवला की ओल आत कोंडते आणि भिंत आतून कुजते. महाराष्ट्रातल्या कितीतरी देवळांनी हे भोगलं आहे. भिंतीत रुजलेले पिंपळ-उंबर वेळच्या वेळी मुळासकट काढणं, सुटलेला गिलावा चुन्यानेच सांधणं आणि छतावरचं पावसाचं पाणी बाहेर जाण्याचे मार्ग मोकळे ठेवणं, एवढी तीन कामं दर वर्षी झाली तरी ही इमारत आणखी दोन-तीनशे वर्षं उभी राहील. हे काम दिसत नाही, उद्घाटनाला येत नाही, त्यामुळे कुणी मागत नाही. नळ साफ करणाऱ्याचं काम तरी कुठे दिसत होतं?

जागेवर एक पाटी मात्र हवी: महालाचा आराखडा, तळ्याची हद्द आणि नळाची दिशा दाखवणारी, मराठीत, शाळकरी मुलाला कळेल अशी. कलमं आणि दंडाची रक्कम सांगणारी पाटी आहेच. काय मोडलं तर शिक्षा होईल हे ती सांगते. काय आहे म्हणून मोडू नये, हे सांगणारी पाटी नाही.

वाचकांपैकी कुणी जाणार असेल तर पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत जावं. भोवती गवत असतं, कधी खोलगटात थोडं पाणीही उरलेलं असतं. लष्करी हद्द आहे, ओळखपत्र जवळ ठेवावं आणि अडवलं तर वाद घालू नये. एकट्याने जाऊ नये, वर चढू नये, भिंतीवर काही लिहू नये. आधी बाहेरून तळ्याच्या काठाने पूर्ण फेरी मारावी आणि मगच आत शिरावं. बांधणाऱ्यांना ती तशीच दाखवायची होती. वेळ असला तर त्याच दिवशी दमडी मशीद, बागरोजा आणि डोंगरावरची सलाबतखानाची कबर पाहून होते.

आणि नगरकरांना एक विनंती. गावात रस्त्याची खोदाई निघाली की अजूनही कुठे कुठे खापरीचे तुकडे वर येतात, आणि राडारोड्याबरोबर डंपरमध्ये जातात. पुढच्या वेळी तसं दिसलं तर जागेचा फोटो काढा, ठिकाण लिहून ठेवा आणि महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात अर्ज देऊन नोंद करायला लावा. पंधरा नळांचा एक नकाशा झाला, तर फराबागेचं निम्मं कोडं सुटेल. आणि पाऊस कमी पडणाऱ्या या गावाला आपलं जुनं पाणी जमिनीखालून कुठून वाहत होतं, हेही कळेल.